बुद्धिबळ शिकलं की गणित सुधारतं? १०० शाळांमधल्या प्रयोगात वेगळंच दिसलं

२८ जुलै २०२५. नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी शहरात कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं आणि वयाच्या १९व्या वर्षी महिला विश्वचषक जिंकला. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, १८ वर्षांचा डी. गुकेश जगज्जेता झाला होता. अशा बातम्या आल्या की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बुद्धिबळ क्लासच्या जाहिराती फिरू लागतात. त्यात एक दावा हमखास असतो: बुद्धिबळामुळे मुलांचं गणित सुधारतं.

दावा पटण्यासारखा आहे. पटावर विचार करावा लागतो, पुढच्या चाली मनात मांडाव्या लागतात, मग गणितात फायदा होणारच, असं कुणालाही वाटेल. पण हे कुणी तपासून पाहिलंय का? पाहिलंय, आणि चांगलं हजारो मुलांवर.

आर्मेनियात बुद्धिबळ सक्तीचा विषय

शाळेत बुद्धिबळ म्हटलं की पहिलं नाव येतं आर्मेनियाचं. लोकसंख्या जेमतेम ३० लाखांच्या घरात, पण या देशाने २००६, २००८ आणि २०१२ अशी तीन वेळा बुद्धिबळ ऑलिंपियाड जिंकली. २०११ पासून तिथे दुसरी ते चौथीच्या मुलांना बुद्धिबळ सक्तीचं झालं. आठवड्याला दोन तास, भाषा-गणितासारखंच वेळापत्रकात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सर्ज सर्गस्यान हे देशाच्या बुद्धिबळ महासंघाचेही अध्यक्ष होते, त्यामुळे निर्णयाला अडथळा येण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढच्याच वर्षी युरोपीय संसदेच्या ४१५ सदस्यांनी शाळांमध्ये बुद्धिबळ आणावं अशा निवेदनावर सह्या केल्या. एकाग्रता, संयम, स्मरणशक्ती वाढते, हा त्यामागचा युक्तिवाद.

इंग्लंडने काय केलं?

इंग्लंडमध्ये ‘एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन’ ही संस्था शिक्षणातल्या योजना खरंच चालतात का, हे पैसे खर्चून तपासते. तिने १०० प्राथमिक शाळा घेतल्या. कोणत्या शाळेत बुद्धिबळ शिकवायचं आणि कोणत्या शाळेत नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं.

हे का महत्त्वाचं? कारण एरवी ज्या शाळा स्वतःहून बुद्धिबळ सुरू करतात, तिथले मुख्याध्यापक आधीच उत्साही असतात. क्लासला येणारी मुलंही बहुतेकदा अभ्यासात बरी असतात. मग ‘बुद्धिबळ खेळणारी मुलं हुशार’ हे दिसतं खरं, पण हुशारी बुद्धिबळामुळे आली की हुशार मुलंच बुद्धिबळाकडे वळली, हे कळत नाही. चिठ्ठ्या टाकल्या की हा घोळ मिटतो.

निवडलेल्या शाळांमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्षभरात ३० तास बुद्धिबळ शिकवलं गेलं, तेही शाळेच्या वेळेत, बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांकडून. त्यानंतर वर्षभराने मुलांनी देशभर होणारी सरकारी परीक्षा दिली आणि दोन्ही गटांचे गुण ताडून पाहिले. निकाल २०१६ मध्ये जाहीर झाला. गणितात फरक शून्य. वाचनात शून्य, विज्ञानातही शून्य. शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या, म्हणजे गरीब घरातल्या मुलांचा वेगळा हिशेब केला, तरी तेच.

गंमत म्हणजे मुलांना आणि शिक्षकांना हे तास आवडले होते.

यावर आक्षेपही आहेत. ३० तासांत मूल फार तर नवशिका खेळाडू होतं. आणि परीक्षा वर्षभराने झाली, मधल्या काळात थोडाफार फायदा विरून गेला असेल. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पण वर्षभरही न टिकणाऱ्या फायद्याच्या जोरावर ‘गणित सुधारेल’ असं सांगणं जरा जास्तच होतं.

मग आधीच्या अभ्यासांत फायदा कसा दिसला?

जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे या संशोधकांनी २०१६ मध्येच अशा २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. यातले गोबे स्वतः आंतरराष्ट्रीय मास्टर, त्यामुळे त्यांना बुद्धिबळाशी वाकडं असण्याचं कारण नाही. सरासरी काढली तर बुद्धिबळ शिकलेल्या मुलांमध्ये थोडी सुधारणा दिसत होती. मेख पुढे आहे. बहुतेक अभ्यासांत दुसऱ्या गटातल्या मुलांना नवीन काहीच शिकवलं नव्हतं. मग सुधारणा बुद्धिबळाची, की वर्गात नवा शिक्षक आला, नवा खेळ आला, आपल्याकडे कुणी लक्ष देतंय असं मुलांना वाटलं, त्याची?

पटावरची हुशारी पटावरच

हे असं का होतं, याचं उत्तर १९७३ च्या एका गाजलेल्या प्रयोगात सापडतं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला आणि आठवून मांडायला सांगितलं. मास्टर खेळाडूने सुमारे १६ सोंगट्या बरोबर ठेवल्या, नवख्याने फक्त चार. मग त्यांनी त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून दाखवल्या आणि मास्टरची सगळी आघाडी संपली. तोही नवख्याइतकाच.

म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती जगावेगळी नव्हती. हजारो डाव खेळून त्याच्या डोळ्यांना ओळखीच्या मांडण्या दिसत होत्या, इतकंच. किल्लेकोट केलेला राजा आणि त्यापुढची तीन प्यादी ही त्याच्यासाठी चार सोंगट्या नसून एकच चित्र असतं. हे चित्र अपूर्णांकांच्या उदाहरणात कामाला येत नाही.

डेन्मार्कमध्ये मात्र फरक पडला

डेन्मार्कच्या आरहूस भागात पहिली ते तिसरीच्या काही वर्गांत आठवड्यातल्या चार गणिताच्या तासांपैकी एक तास बुद्धिबळाच्या आधाराने घेतला गेला. तिथे गणिताचे गुण थोडे वाढले. शाळेत कंटाळणाऱ्या, नाखूश असलेल्या मुलांमध्ये फायदा जास्त दिसला.

फरक नेमका काय? तिथे बुद्धिबळातून गणितच शिकवलं जात होतं. प्याद्याची किंमत १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. ‘हत्ती देऊन घोडा आणि एक प्यादं घेतलं, तर नफा की तोटा?’ असं विचारलं की बेरीज-वजाबाकी आलीच. पटावरचं घर उभ्या आणि आडव्या ओळीने ओळखायचं, तर आलेखाची ओळख होते. पण हा धागा शिक्षकाने जोडून द्यावा लागतो. मुलं तो आपोआप जोडत नाहीत.

बांगलादेशातल्या ग्रामीण शाळांमधल्या पाचवीच्या मुलांवरचा प्रयोग आणखी वेगळा. बुद्धिबळ शिकलेली मुलं जोखीम घ्यायला कमी घाबरत होती आणि हा बदल जवळपास वर्षभराने तपासला तरी टिकून होता. गणितातली सुधारणा मात्र काटेकोर तपासणीत ठाम म्हणण्यासारखी उरली नाही.

मग शाळेत शिकवायचं की नाही?

शिकवायला हरकत काहीच नाही. मैदान लागत नाही, एका पटावर दोन मुलं बसतात, पाऊस असो की ऊन. मुलगी विरुद्ध मुलगा, चौथी विरुद्ध सातवी, कुठलीही जोडी चालते. हरल्यावर पंचांना किंवा नशिबाला दोष देता येत नाही आणि समोरच्याशी हात मिळवावा लागतो. आठ वर्षांच्या मुलासाठी हे सोपं नसतं.

प्रश्न आहे तो कोणत्या नावाने शिकवायचं आणि कोणता तास कापून. चित्रकलेचा किंवा खेळाचा तास काढून तिथे ‘गणितासाठी’ बुद्धिबळ बसवलं, तर मुलांच्या हातून एक गोष्ट जाते आणि ज्या फायद्यासाठी ती काढली, तो मिळेल याची खात्री नाही. पालकांनी क्लासमध्ये विचारायचं ते हे: मूल तासातला किती वेळ प्रत्यक्ष खेळतं? हरलेल्या डावावर नंतर कुणी त्याच्याबरोबर बसतं का?

कारण गुणांसाठी लावलेला क्लास गुणांवरच मोजला जातो. पहिल्या घटक चाचणीत गणिताचे मार्क होते तिथेच राहिले की दिवाळीनंतर तो बंद होतो. मग नुकतं काटशह द्यायला शिकलेलं, रविवारी आजोबांना हरवण्याच्या तयारीत असलेलं मूलही पटावरून उठवलं जातं.