पाचगणीच्या होस्टेलवरचा फ्रेडी

आमच्या घरात रॉक संगीत म्हणजे 'आधी तो आवाज कमी कर' एवढंच. लेकाच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. परवा मात्र तो म्हणाला, "आई, हा गाणारा आपल्या पाचगणीत शिकलाय." मी लाटणं हातात घेऊनच आत गेले.

बँडचं नाव 'क्वीन'. थोर रॉक बँडची यादी करायला बसलं, की बीटल्स, रोलिंग स्टोन्सच्या जोडीला या इंग्लंडच्या बँडचं नाव निघतंच म्हणे. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी मूळचा फारोख बलसारा, पारशी घरातला. १९४६ साली झांझिबारला जन्मला. आठेक वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला बोटीने इकडे धाडलं, सेंट पीटर्स शाळेच्या होस्टेलवर.

आठ वर्षं, मैत्रिणींनो! माझा लेक त्या वयात मामाकडेही एकटा राहत नव्हता. फारोखची सुट्टी कितीदा तरी मुंबईच्या नातेवाइकांकडेच जायची. त्याच्या आईने, जेरबाईंनी, ती पेटी कशी भरली असेल? तिकडे पोरं त्याला पुढे आलेल्या दातांवरून चिडवत. पण पियानो तो तिथेच शिकला, फ्रेडी हे नाव तिथेच पडलं आणि पहिला बँडही होस्टेलच्या दोस्तांबरोबरच काढला.

१९६४ मध्ये झांझिबारला क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० मध्ये 'क्वीन' उभा राहिला. त्यातल्या ब्रायन मेची गिटार तर घरीच केलेली. वडिलांबरोबर खपून, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड कापून. त्यावरच्या ठिपक्यांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं! आता बोला.

२३ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडीने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी तो गेला, ४५ व्या वर्षी. जेरबाई त्यानंतर पंचवीस वर्षं जगल्या.

खरं सांगू? त्याच सुमारास आमच्या आळीत एका ड्रायव्हरची बायको या आजाराने एकटी पडली होती. बायकांनी तिला नळावर येऊ दिलं नाही. मी काही बोलले नाही, पण तिच्याकडचा चहा टाळला. शिवल्याने हा आजार होत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तोवर ती माहेरी निघून गेली होती.

लेकाने मग 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लावलं. १९७५ चं, जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं. इतकं लांब रेडिओवर कोण वाजवणार, अशी तेव्हा शंका होती. तरी इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. इंग्रजी मला अर्धंमुर्धंच कळतं. लेक सांगत होता, "आई, यातला मुलगा आईला हाक मारून आपला गुन्हा कबूल करतोय."

"पुन्हा लाव," मी म्हटलं. शिट्ट्या मोजायच्या राहूनच गेल्या. त्या दिवशी भात खाली लागला.