प्लास्टर सुटलं, पण हाडं मोजली का?

न्हाणीघरात पाय घसरतो, हात टेकला जातो आणि मनगट मोडतं. एक्स-रे निघतो, प्लास्टर होतं, दीड महिन्यानं सुटतंही. घरात 'आजी' म्हणत असोत की 'अज्जी', गोष्ट इथंच संपते. 'वय झालं, चालायचंच!' म्हणून सगळे मोकळे होतात. खरं तर हाडांची चौकशी इथूनच सुरू व्हायला हवी.

साध्या एक्स-रेत मोडलेलं हाड दिसतं. ते आतून किती विरळ झालंय हे लवकर कळत नाही. साधारण 30 टक्के खनिज गेल्यावरच फोटोत फरक जाणवतो. त्यामुळे 'बाकी हाडं चांगली दिसतात' एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

नेमकं मोजायचं तर 'डेक्सा' तपासणी करतात. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण कंबरेच्या मणक्यांतून आणि खुब्यातून सोडले जातात. हाड आणि मांस ते कमी-जास्त शोषतात. त्या फरकावरून हाडातलं खनिज मोजलं जातं. दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ पडून राहायचं. सुई नाही, दुखणं नाही आणि किरणांची मात्राही अगदी अल्प.

अहवालातला 'टी-स्कोअर' म्हणजे तरुण, निरोगी हाडांशी केलेली तुलना. जागतिक आरोग्य संघटनेनं 1994 मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार उणे 1 पर्यंत ठीक. उणे 1 ते उणे 2.5 च्या दरम्यान हाडं विरळ होऊ लागलेली, उणे 2.5 किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. मात्र उतारवयात मणक्यांची झीज होऊन तिथला आकडा फसवा चांगला येऊ शकतो. म्हणून खुब्याचा आकडाही पाहावा. शिबिरात टाचेला लावतात ते ध्वनिलहरींचं यंत्र फक्त इशारा देतं. त्यावरून निदान होत नाही.

पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीनं ही तपासणी करावी. पाळी पंचेचाळिशीआधी गेली असेल, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलं असेल, उंची कमी झाली असेल, तर त्याआधीच डॉक्टरांना विचारावं. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. आणि किरकोळ पडण्यानं खुबा मोडला, तर आकडा बरा असला तरी उपचार टाळू नयेत.

नाचणीची अंबील, अंगावर ऊन, रोजचं चालणं हे हवंच. पण गेलेलं हाड एवढ्यानं भरून येत नाही. त्यासाठी औषधं आहेत. तेव्हा प्लास्टर सुटेल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, "हिची हाडं मोजायची का?" पुढचं पडणं खुब्यावर बेतण्याआधी हा प्रश्न विचारलेला बरा.