सोने-चांदी व नाण्यांवरील विक्रीकर : राज्यांच्या दरांपासून समान करापर्यंत

आपल्या देशात सोने ही केवळ हौसेची वस्तू नाही. लाखो कुटुंबांची ती अडीअडचणीच्या काळासाठीची शिल्लक असते. म्हणूनच सोन्याच्या खरेदीवरील कराचा प्रश्न व्यापाऱ्यांइतकाच सामान्य ग्राहकाच्याही हिताचा आहे.

राज्यघटनेने मालाच्या विक्रीवर कर आकारण्याचा अधिकार राज्यांकडे सोपविला होता. साहजिकच मौल्यवान धातूंवरील कराचे दर राज्यागणिक वेगवेगळे होते. ही वस्तू आकाराने लहान, मोलाने मोठी. त्यामुळे शेजारच्या राज्यात कर थोडा जरी कमी असला तरी खरेदी तिकडे वळे किंवा व्यवहार पावतीविना होई. जानेवारी 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यवर्धित करविषयक श्वेतपत्रिकेत सोन्या-चांदीच्या दागिन्यांसाठी 1 टक्का असा विशेष दर सुचविण्यात आला, त्यामागे हेच वास्तव होते. 1 एप्रिल 2005 पासून महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी ही करपद्धती स्वीकारली. तरीही पूर्ण समानता आली नाही. केरळमधील दर इतर बहुतेक राज्यांपेक्षा बराच अधिक राहिला.

वस्तू व सेवा कराची रचना

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांचे हे वेगवेगळे दर संपुष्टात आले. सोने, चांदी, त्यांचे दागिने व नाणी यांवर देशभर 3 टक्के दर ठरला. राज्यांतर्गत विक्रीत त्यातील 1.5 टक्के केंद्राकडे व 1.5 टक्के राज्याकडे जातात. आंतरराज्य विक्रीवर 3 टक्के एकात्मिक कर आकारला जातो. दागिन्याची घडणावळही करातून सुटत नाही.

नाण्यांच्या बाबतीत एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. चलन म्हणून वापरात असलेले नाणे कायद्याच्या दृष्टीने पैसा आहे, माल नव्हे. त्याच्या देवघेवीवर कर नाही. परंतु संग्राह्य मूल्यासाठी जवळ बाळगलेले चलन कायद्याने 'पैसा' या व्याख्येतून वगळले आहे. त्यामुळे नाणी-संग्राहकांना विकणारा नोंदणीकृत व्यापारी अशा विक्रीवर कर आकारतो. नोव्हेंबर 2015 मध्ये अशोकचक्रांकित भारतीय सुवर्णनाणे बाजारात आले. तेही खरेदीच्या वेळी करपात्र मालच ठरते.

ग्राहकाने काय जाणावे?

समजा, एखाद्याने 1,00,000 रुपये किमतीचे नाणे घेतले. करासह त्याला 1,03,000 रुपये मोजावे लागतील. भाव तोच असताना ते विकल्यास कराचे 3,000 रुपये परत मिळत नाहीत. व्यापाऱ्याला खरेदीवरील कराची वजावट मिळते, अंतिम ग्राहकाला ती नाही. वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्याची बचत अशा रीतीने झिजते.

जुने दागिने सराफास विकणाऱ्या सामान्य व्यक्तीवर मात्र या कराचा बोजा नाही. ही विक्री तिचा व्यवसाय नसल्याने सराफानेही त्यावर कर भरण्याची आवश्यकता नाही, असा खुलासा महसूल विभागाने जुलै 2017 मध्ये केला. मात्र जुने देऊन नवे घेताना कर नव्या दागिन्याच्या संपूर्ण किमतीवर लागतो, केवळ वरच्या रकमेवर नव्हे.

जानेवारी 2016 पासून दोन लाख रुपयांहून अधिक रकमेच्या खरेदीसाठी पॅन क्रमांक नमूद करावा लागतो. एप्रिल 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रोख रक्कम स्वीकारण्यास विक्रेत्याला मनाई आहे.

'पावती नको, कर वाचेल' हा मोह म्हणूनच महागात पडू शकतो. पावतीवर वजन, शुद्धता, घडणावळ व कर यांची नोंद असते. पुढे शुद्धतेविषयी तक्रार करावयाची असो वा मालकी सिद्ध करावयाची असो, तोच ग्राहकाचा आधार ठरतो. तीन टक्के वाचविण्यासाठी हा आधार गमावणे म्हणजे कष्टाची शिल्लक स्वतःच्या हाताने असुरक्षित करणे होय.