गाठ काढली, पण मूळ निघाले का?

हराळी काढताना आपण नुसती वरची पाने खुरपत नाही. मातीत एक कांडे राहिले तरी ती परत फुटते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. कातडीच्या एका कर्करोगाचेही असेच आहे. मी काही डॉक्टर नाही, पिकांचे सांगत गावोगाव फिरणारा माणूस. पण घरात घडले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

आमचे नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, नेवासे तालुक्यात ऊस-कांदा करतात. जन्म उन्हात गेला. नाकपुडीजवळ जोंधळ्याएवढी काळसर, चकाकणारी पुळी आली. दुखत नव्हती. खपली धरायची, तोंड धुताना निघायची, थेंबभर रक्त यायचे. कोणी म्हणाले चामखीळ आहे, चुना लावा. दोन वर्षे अशीच गेली. मग एका डॉक्टरांनी गाठ काढून तुकडा तपासणीला पाठवला. जखम भरली, रिपोर्ट आणायला मात्र कोणी गेलेच नाही. ऐन कांदाकाढणी होती!

तीन वर्षांनी त्याच व्रणाच्या कडेला पुन्हा पुळी. जुना रिपोर्ट शोधला तर त्यात लिहिलेले: ‘बेसल सेल कार्सिनोमा, एका बाजूची कड मोकळी नाही.’ दुसऱ्या वेळी नाकपुडीचा तुकडा गेला आणि कपाळाची कातडी वळवून तेथे बसवावी लागली. ही युक्ती मूळ आपल्याच देशातली. 1793 च्या सुमारास पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक असेच बनवले होते, ते 1794 साली लंडनच्या मासिकात छापूनही आले.

आता ‘कड मोकळी नाही’ म्हणजे काय ते पाहू. हा कर्करोग सावकाश वाढतो, शरीरात इतरत्र सहसा पसरत नाही. पण जागच्या जागी कुरतडत खोल जातो आणि डोळ्याला दिसतो त्यापेक्षा कातडीखाली जास्त असतो. म्हणून लहान, स्पष्ट कडेच्या गाठीभोवती साधारण 4 ते 5 मि.मी. चांगली कातडीही काढतात. तपासणारे डॉक्टर तुकड्याच्या कडांना शाई लावतात. शाईपर्यंत रोगाच्या पेशी दिसल्या, तर मूळ आत राहिले असण्याचा संभव.

अशा प्रत्येकाला रोग परत येतोच असे नाही. तरीही नाक, डोळ्याची कड, कान येथे किंवा खालच्या बाजूला रोग राहिला असेल तर थांबू नये. पुन्हा शस्त्रक्रिया, किरणोपचार की नुसती देखरेख, हे डॉक्टरांशी बसून ठरवावे. काही मोठ्या रुग्णालयांत थर काढत लगेच तपासण्याची ‘मोज’ पद्धतही आहे.

लक्षात ठेवा:

1. चेहऱ्यावरची पुळी किंवा जखम महिना-दीड महिन्यात भरली नाही, तर चुना, बिब्बा, घोड्याचा केस हे उपाय बंद. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

2. काढलेली गाठ तपासणीला पाठवली का, हे विचारा. रिपोर्ट हातात घ्या आणि ‘सगळ्या कडा व तळ मोकळा आहे का?’ एवढे विचाराच.

3. रिपोर्ट सातबाऱ्यासारखा जपून ठेवा. रोग पाच वर्षांनंतरही परत येऊ शकतो, म्हणून तपासणी चुकवू नका.

4. दुपारच्या उन्हात रुंद काठाची टोपी किंवा उपरणे वापरा.

आपल्या जिल्ह्यात लोणी व विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. सरपंच व आशाताईंनी हा विषय ग्रामसभेत पाच मिनिटे मांडावा, ही विनंती.

नाना आता बरे आहेत. पण म्हणतात, “माती परीक्षणाचा कागद आणायला तालुक्याला दोन खेपा घातल्या, माझ्या नाकाचा कागद तेवढा राहिला.” तुमचा राहू देऊ नका.