मुलांचीही बाळबांधणी



लागण, खत-पाणी, खोडवा यांवर आम्ही या पानांतून नेहमीच लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण परका नाही. घरात आई-बाप मुलाशी किती बोलतात, कसे वागतात, त्यावरून मुलाची वाढ आणि वळण कसे ठरते, हे सांगायचे आहे.

"पोरगं आपसूक वाढतंय की, त्यात शिकायचं काय?" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. अंगानं वाढतं, हे खरं. पण डोक्याचं काय? जन्मताना बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव हिस्सा असतो. पुढच्या दोनच वर्षांत तो पाऊण हिश्श्याच्या आसपास पोचतो. उसाला फुटवे येण्याच्या वेळी पाण्याचा ताण पडला, की पुढे पोत्यानं युरिया ओतला तरी गेलेले फुटवे परत येत नाहीत, हे आपल्याला सांगायला नको. मुलाचा हा काळ जवळपास तसाच. फरक एवढाच, की मूल उसापेक्षा चिवट असते. उशिरा केलेली मशागतही त्याच्या बाबतीत अगदीच वाया जात नाही.

याचा पुरावा काय, असे कोणी विचारील. तो सातासमुद्रापलीकडचा आहे, पण उसाच्याच मुलखातला. जमैका हे बेट एके काळी साखरेसाठी जगभर गाजलेले. तिथल्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंची खुरटलेली १२९ मुले निवडली. वय नऊ महिने ते दोन वर्षे. मुलांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दुधाचा पोषक आहार दिला. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची आणि मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते आईला करून दाखवायची. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळाले, चौथ्याला दोन्हीतले काही नाही. हे दोन वर्षे चालले. खेळणी काय होती म्हणाल, तर टाकाऊ बाटल्या, पुठ्ठे, चिंध्यांच्या बाहुल्या!

दोन वर्षांत आहाराचाही फायदा दिसला, खेळाचाही. ज्यांना दोन्ही मिळाले ती मुले सर्वांत पुढे गेली. पण खरी गंमत पुढे आहे. हीच मुले मोठी झाल्यावर पुन्हा तपासली. नुसत्या आहाराचा बुद्धीवरचा फायदा तोवर दिसेनासा झाला होता, खेळ-बोलण्याचा मात्र टिकून होता. बाविसाव्या वर्षी त्या मुलांची कमाई, ज्यांना खेळ मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त भरली. हा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला. मारामारीकडेही त्यांचा कल कमी आढळला. यावरून दूध-अंड्याला महत्त्व नाही असा अर्थ मात्र कोणी काढू नये. उपाशी पोर खेळणार तरी कसं?

आता तासभर खेळण्यात असं काय असतं? तान्हं बाळ "अंऽऽ" करतं, आई "काय रे राजा?" म्हणते, बाळ पुन्हा हुंकारतं. हा साधा देवघेवीचा व्यवहार आहे. एड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात तो मुद्दाम तोडून पाहिला. हसत-बोलत असलेल्या आईला त्याने सांगितले, की आता दोन-तीन मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवा. बाळ आधी हसून पाही, हात पुढे करी, मग बेचैन होऊन तोंड फिरवी. आई समोरच होती बरं का, कुठे गेली नव्हती! मोबाइलात तोंड घालून बसलेल्या आपल्यासारख्यांनी याचा विचार करावा. बापमंडळींनीही, कारण बाळाचं हे काम फक्त बायकांचं, असं कुठं लिहून ठेवलेलं नाही.

हट्टाचेही असेच. बाजारात पोरगं कुरकुऱ्यासाठी लोळण घेतं. आपण दोनदा "नाही" म्हणतो, आवाज चढवतो आणि चारचौघांत लाज वाटली की पुडा घेऊन देतो. पोरगं गप्प होतं. पण यात दोघेही शिकले. पोर शिकलं, की लोळलं की मिळतं. बाप शिकला, की दिलं की सुटका होते. जेराल्ड पॅटरसन यांनी अमेरिकेत अनेक घरांतली अशी भांडणे वर्षानुवर्षे टिपून हाच फेरा मांडला. त्यातून निघणारा मार्ग खर्चाचा नाही. नाही म्हणायचं तर शेवटपर्यंत शांतपणे नाहीच म्हणावं, आणि पोरगं शहाण्यासारखं वागेल तेव्हा ते न चुकता बोलून दाखवावं. हे दुसरं आपण विसरतो. मारानं पोर तेवढ्यापुरतं गप्प बसतं, पण हात उगारणं मात्र शिकतं.

राहता राहिली आपल्या फडातली मुले. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामात पाच-सहा महिने आपल्या गटांत असतात. आई पहाटे अंधारात कोयता घेऊन निघते आणि बाळ बांधावर, वाढ्याच्या आडोशाला पडून राहतं. तिला "मुलाशी खेळा" म्हणून सांगणं आम्हाला शोभत नाही. पण ज्याच्या रानात तोड चालू आहे त्या सभासदानं बांधावर सावली, प्यायचं पाणी आणि बाळाला पाजायला आईला थोडी उसंत द्यायला काय हरकत आहे? कोपीजवळ अंगणवाडी किंवा साखरशाळा असेल, तर टोळीतली लहान मुलं तिथं जातात की नाही, एवढी चौकशी मुकादमाकडं कोणीही करू शकतो. आणि जाता-येता त्या पोरांशी दोन शब्द बोलायला तर परवानगीही लागत नाही.