ज्यांचा राग यावा असे काकासाहेब

प्रभात कंपनीच्या १९३७ सालच्या 'कुंकू' चित्रपटाचा विषय निघाला म्हणजे शांता आपटे यांच्या नीरेची वाहवा होते, व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाची होते, आणि काकासाहेबांची बोळवण मात्र "मेला थेरडा!" एवढ्या दोन शब्दांत होते. केशवराव दाते यांना ही शिवी म्हणजे मोठीच पावती आहे खरी. परंतु तेवढ्यावर थांबल्यास या नटाचें देणें फिटत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. फसवून एका म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यांत बांधलेली मुलगी त्याला पति मानण्यास साफ नकार देते, हें त्याचें कथासूत्र. असा बिजवर उभा करण्याच्या दोन सोप्या वाटा होत्या : डोळे वटारून त्याचा राक्षस करावा, नाहीं तर खोकतां खोकतां विदूषक करावा. केशवराव दोहोंकडेही वळले नाहींत. त्यांचे काकासाहेब वकील आहेत, चारचौघांत प्रतिष्ठित आहेत, कर्त्या मुलामुलीचे बाप आहेत. दारांत आले तर आपण उठून बैठक झाडून देऊं असे. आणि म्हणूनच त्यांची धास्ती वाटते. आपण कोणाचा कांहीं अपराध केला आहे, हें प्रथम त्यांच्या गांवींही नसतें.

त्यांतून या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाहीं. सारंगीच्या सुरानें करुणा उसनी आणावी, अशी सोय नटाला ठेविलेलीच नाहीं. ऐकूं येतात ते घरांतले नेहमींचे आवाज. आरशांत एकाचीं अनेक प्रतिबिंबें होऊन तीं काकासाहेबांना हिणवूं लागतात, त्या प्रसंगीं राग आणि शरम यांची जी झटापट केशवरावांच्या मुद्रेवर चालते, ती पाहतांना आपला तिटकारा कमी होत नाहीं. पण त्यांत कींव मिसळते. शेवटीं काकासाहेब आत्मघात करून नीरेला मोकळी करतात. वकिलाला याहून दुसरा मार्ग सुचूं नये, हें आम्हांस कथेचें दुबळेपण वाटतें. तें झांकलें जातें तें केवळ केशवरावांमुळें.

आमच्या बीड जिल्ह्यांत तर हा चित्रपट अजून जुना झालेला नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणींत येथील वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकीं चाळिसांहून अधिक जणींचें लग्न अठराव्या वर्षापूर्वीं झालेलें आढळलें. कारणें निराळीं आहेत. ऊसतोडीला जातांना वयांत आलेली मुलगी मागें कोणाजवळ ठेवावी, ही आईबापांची विवंचना त्यांत मोठी. पण हीं लग्नें जुळविणारे, अक्षता टाकणारे, पंक्तींत आग्रह करणारे लोक गांवांत काकासाहेबांसारखेच सज्जन म्हणून ओळखले जातात.

१८८९ सालीं जन्मलेले केशवराव महाराष्ट्र नाटक मंडळींत नांवारूपास आले. १९३३ सालच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाट्यमन्वंतराच्या नाटकांतही ते होते. 'अमृतमंथना'च्या (१९३४) मराठी आवृत्तींतील क्रूर राजगुरु तेच. परंतु लोकांच्या ध्यानांत राहिले ते हिंदी आवृत्तींतले चंद्रमोहन. त्यांचे डोळेच तसे होते, त्याला केशवराव काय करणार!

काकासाहेबांवर ज्यांनीं दांतओठ खाल्ले असतील, त्यांनीं १९४१ चा 'शेजारी' अवश्य पाहावा. त्यांत गजानन जागीरदारांच्या मिर्झाचा जिवलग शेजारी जिवबा केशवरावांनींच केला आहे. हा तोच माणूस, हें घरांतल्या मुलांना मुद्दाम सांगावें लागतें.