पेनड्राइव्हवरून लिनक्स का सुरू होत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार समाप्त झाला. विंडोज ११ साठी आवश्यक असलेला टीपीएम २.० किंवा पुरेसा नवा प्रोसेसर ज्यांत नाही, असे पुष्कळ लॅपटॉप त्यामुळे धडधाकट असूनही अडगळीत जाण्याच्या मार्गावर आहेत. त्यांत लिनक्स बसविल्यास ते आणखी काही वर्षे उत्तम काम देऊ शकतात. परंतु पुष्कळांची गाडी पहिल्याच पायरीवर अडते. पेनड्राइव्ह लावूनही लॅपटॉप मुकाट्याने विंडोजच उघडतो, नाहीतर काळा पडदा दाखवून थांबतो. मग दिसेल तो पर्याय फिरवून पाहण्याचा क्रम सुरू होतो. असल्या अंदाजी उपायांपैकी बहुतेक नुसतेच निष्फळ असतात. एखादा मात्र प्रबंधाच्या साऱ्या सामग्रीच्या मुळावर येऊ शकतो. यास्तव प्रारंभाची क्रिया नेमकी कोठे खुंटली, हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.

लॅपटॉप चालू करताच प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर जागे होते. जुन्या बायोस पद्धतीत ते माध्यमाचे पहिले ५१२ बाइट वाचून त्यांतील आज्ञा अमलात आणते. यूईएफआय या नव्या पद्धतीत ते फॅट पद्धतीचे पार्टिशन उघडते आणि ‘ईएफआय’ फोल्डरातील ‘बूट’ या फोल्डरात एक ठरावीक नावाची फाइल शोधते. ६४-बिट इंटेल वा एएमडी यंत्रासाठी तिचे नाव ‘बूटएक्स६४.ईएफआय’ असे असते. तेथून बहुधा ग्रब हा प्रोग्राम सुरू होतो, ग्रब कर्नलला स्मृतीत आणतो, आणि कर्नल उरलेली प्रणाली पेनड्राइव्हवरून वाचू लागतो. पडद्यावर शेवटी काय दिसले, यावरून या साखळीतील कोणती कडी निसटली हे सामान्यतः ओळखता येते.

पहिली कसोटी बूट-मेनूची. डेल व लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपांत तो एफ१२ या कळीने, एचपीत एफ९ ने व असूसमध्ये एस्केपने उघडतो. या मेनूत पेनड्राइव्हचे नावच नसेल, तर दोष प्रायः लेखनाचा समजावा. उतरवून घेतलेली आयएसओ फाइल नेहमीच्या रीतीने पेनड्राइव्हवर ठेवली, तर तेथे केवळ एक मोठी फाइल जमा होते. फर्मवेअरला हवी असलेली रचना तिच्या पोटातच बंद राहते. बियाणे पिशवीसकट जमिनीत पुरावे, तसाच हा प्रकार होय. त्या फाइलमधील रचना पेनड्राइव्हवर उलगडून लिहावी लागते, आणि त्यासाठी रूफस, बलेना एचर किंवा लिनक्समधील ‘डीडी’ ही साधने आहेत. लेखनात पेनड्राइव्हवरील पूर्वीचे सर्व पुसले जाते. ‘डीडी’ला तर चुकून अंतर्गत डिस्कचे नाव दिले, तरी ती काही न विचारता तीच पुसू लागते. लिहिण्यापूर्वी फाइलची एसएचए-२५६ बेरीज वितरकाने दिलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. अर्धवट उतरलेल्या फाइलीपायी दिवस घालविणारे थोडे नाहीत. क्वचित रचना अचूक असूनही नाव दिसत नाही. २०१३-१४ च्या सुमारास निघालेल्या बे ट्रेल प्रोसेसरच्या काही स्वस्त यंत्रांत प्रोसेसर ६४-बिट, पण फर्मवेअर ३२-बिट असे विजोड आढळते, तेथे ‘बूटआयए३२.ईएफआय’ ही निराळी फाइल लागते.

नाव दिसते, पण निवडताच नकार मिळतो, अशा ठिकाणी सिक्युअर बूटचा संशय घ्यावा. या व्यवस्थेत फर्मवेअर मान्य स्वाक्षरी असलेलाच प्रोग्राम चालू देते, आणि बहुतेक लॅपटॉपांत मान्यतेच्या किल्ल्या मायक्रोसॉफ्टच्या असतात. म्हणून उबुंटू, फेडोरा, डेबियन इत्यादी संच ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून स्वाक्षरित करून घेतात. पुढे ग्रबची पडताळणी शिम करतो. आर्च लिनक्सच्या अधिकृत आयएसओत ही सोय नाही. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुधारणेने सदोष ठरलेल्या जुन्या शिमांची मान्यता काढून घेतली, आणि आदल्या दिवसापर्यंत चालणारे पेनड्राइव्ह कित्येक यंत्रांवर एकाएकी नाकारले जाऊ लागले. पडद्यावरील संदेशात ‘एसबॅट’ हा शब्द दिसला, तर नवी आयएसओ आणून पुन्हा लिहावी. सिक्युअर्ड-कोअर वर्गातील काही यंत्रांत त्रयस्थांसाठीची मायक्रोसॉफ्टची किल्ली मुळातच बंद ठेवलेली असते. ती फर्मवेअरच्या मेनूत चालू करता येते.

सिक्युअर बूट सरसकट बंद करण्याचा सल्ला फार सैलपणे दिला जातो. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर या बदलानंतर विंडोज ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागू शकते. ती जवळ नसल्यास डिस्कवरील मजकुराला मुकावे लागते. ही किल्ली आधी कागदावर उतरवून, बिटलॉकर तात्पुरते स्थगित करून, आणि सामग्रीची प्रत अन्यत्र ठेवूनच त्या पर्यायाला हात लावावा.

ग्रबची यादी दिसल्यानंतर पडदा काळा झाला, तर फर्मवेअर दोषमुक्त होय. अडचण बहुधा चित्रप्रणालीची असते. यादीत इंग्रजी ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या अखेरीस ‘नोमोडसेट’ हा शब्द रोमन लिपीत जोडून लिहावा आणि एफ१० दाबावे. याउलट, ‘इनिटरॅमएफएस’ असे लिहून प्रणाली थांबली, तर पुष्कळदा कर्नल आला पण त्याला पुढचे माध्यम सापडले नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी पेनड्राइव्ह दुसऱ्या यूएसबी छिद्रात लावावा, मध्ये हब असल्यास काढावा. तरीही फरक न पडल्यास दुसऱ्या पेनड्राइव्हवर नव्याने लेखन करावे.